मज्जासंस्थेचे आनुवंशिक आजार : मुंबईतील तीन अभ्यास आणि आपला परिसर

एखादे मूल वर्षाचे झाले तरी मान सावरत नाही, किंवा घरातील कर्ता पुरुष चाळिशीतच चालताना झोकांड्या खाऊ लागतो, तेव्हा घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, 'हे आमच्याकडे आले कुठून?' या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने द्यावयाचे असते. परंतु रामाकोना, सौंसर, पांढुर्णा या आपल्या पट्ट्यात ते बहुधा शेजारीपाजारी आणि सोयरेधायरेच देऊन मोकळे होतात, आणि त्यांचे बोट जवळजवळ नेहमी सुनेच्या माहेराकडे वळते. त्या एका बोटामुळे संसार मोडतात, धाकट्या नणंदांच्या सोयरिकी फिसकटतात आणि आजारी मुलाला दवाखान्यात आणण्याऐवजी घरात लपवून ठेवले जाते. म्हणून आनुवंशिकता हा विषय प्रयोगशाळेपुरता न राहता आपल्या ओसरीपर्यंत येऊन पोहोचतो.

प्रस्तुत लेखात मल्टिपल स्क्लेरोसिस आणि मज्जासंस्थेच्या इतर काही आजारांच्या आनुवंशिक संशोधनाचा परिचय करून द्यावयाचा आहे. यासाठी परदेशातील उदाहरणे घेण्याची गरज नाही. मुंबईतील डॉक्टरांनी केलेले तीन अभ्यास आनुवंशिकतेचे तीन निरनिराळे नियम शिकवतात. या तिन्ही अभ्यासांची सुरुवात महागड्या यंत्रापासून झाली नाही. ती रुग्णाकडे नीट पाहणे आणि त्याच्या घराण्याची नीट चौकशी करणे यांतून झाली.

पहिला अभ्यास : डोळ्यांच्या मंद हालचाली

सन १९७१ मध्ये मुंबईच्या डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. आर. के. स्वामी यांनी 'ब्रेन' या नामांकित नियतकालिकात नऊ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कुटुंबांतील रुग्णांचा तोल जात असे, हातपाय थरथरत, बोलणे अडखळे. लहान मेंदूच्या ऱ्हासाची ही लक्षणे तशी जुनीच होती. परंतु वाडियांच्या नजरेला त्यांत एक वेगळी गोष्ट दिसली. हे रुग्ण एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे नजर वळवीत तेव्हा निरोगी माणसाप्रमाणे डोळे झटकन उडी घेत नसत, तर संथपणे सरकत जात. या एका चिन्हाच्या आधारे त्यांनी हा आजार वेगळा म्हणून मांडला.

त्या काळी जनुक शोधण्याची साधने उपलब्ध नव्हती. पुढे पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, बाराव्या गुणसूत्रावरील दोषी जनुक सापडले आणि या आजाराला 'स्पायनोसेरेबेलर अ‍ॅटॅक्सिया टाइप टू' हे नाव रूढ झाले. १९९८ मध्ये वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा भारतीय घराण्यांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली आणि निदानात डोळ्यांच्या मंद हालचालीचे महत्त्व पुन्हा अधोरेखित केले. खाटेशेजारी उभे राहून टिपलेले निरीक्षण रेणूच्या पातळीवर खरे ठरले.

या जनुकातील दोष मोठा विलक्षण आहे. आनुवंशिक लिपीतील तीन अक्षरांचा एक शब्द तेथे ओळीने पुन्हा पुन्हा येतो. बहुसंख्य निरोगी माणसांत तो सुमारे २२ वेळा येतो. ही संख्या ३५ किंवा त्याहून अधिक झाली की केव्हा ना केव्हा आजार प्रकट होतो. पिढी बदलताना ही पुनरावृत्ती वाढू शकते, आणि जितकी ती अधिक तितका आजार लवकर. आजोबांना पन्नाशीत, वडिलांना पस्तिशीत आणि मुलाला विशीच्या आत, असा क्रम त्यामुळे दिसतो. क्वचित ही वाढ इतकी प्रचंड असते की तान्ह्या बाळातच लक्षणे दिसतात आणि बाप मात्र अजून धडधाकट असतो.

येथे नियम प्रभावी आनुवंशिकतेचा आहे. आईवडिलांपैकी एकाचे एकच दोषी जनुक पुरेसे ठरते. प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, धोका निम्मा असतो. 'पहिल्याला झाला, आता दुसरा सुटला' असा हिशेब येथे लागू पडत नाही, कारण प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी नाणे नव्याने उडवले जाते.

दुसरा अभ्यास : मोठ्या डोक्याची मुले

बालरोगतज्ज्ञाला हा दुसरा अभ्यास विशेष जवळचा आहे. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधील डॉ. भीमसेन सिंघल व त्यांच्या सहकाऱ्यांना काही मुलांत एक सारखेपणा जाणवला. पहिल्या वर्षातच डोक्याचा घेर भराभर वाढतो, मूल थोडे उशिरा चालू लागते, पुढे पाय ताठरतात, तोल जातो, झटके येतात, परंतु बुद्धी त्या मानाने पुष्कळ काळ शाबूत राहते. एमआरआय मात्र भयंकर दिसतो. मेंदूचा श्वेतभाग सर्वत्र सुजलेला आणि कानशिलामागील भागात पाण्याच्या पिशव्या. चित्र इतके वाईट आणि मूल इतके बरे, ही विसंगतीच निदानाची किल्ली ठरते. आणखी एक गोष्ट लक्षात आली. यांपैकी बहुतेक मुले अगरवाल समाजातील होती.

सिंघल यांनी हे निरीक्षण १९९१ मध्ये मांडले. १९९५ मध्ये हॉलंडच्या डॉ. मार्यो व्हान डर क्नाप यांनी इतर देशांतील अशाच मुलांचे वर्णन केले. २००१ मध्ये बाविसाव्या गुणसूत्रावर 'एमएलसी वन' हे जनुक सापडले आणि २००४ मध्ये स्पष्ट झाले की अगरवाल समाजातील रुग्णांत या जनुकातील एकच, अगदी तोच दोष आहे. केव्हातरी एका पूर्वजात झालेला एक बारीकसा बदल पिढ्यान् पिढ्या त्या समाजात झिरपत राहिला होता. शास्त्रात याला संस्थापक परिणाम म्हणतात.

येथे नियम अप्रभावी आनुवंशिकतेचा आहे. एकच दोषी जनुक असलेली व्यक्ती, म्हणजे वाहक, पूर्ण निरोगी असते. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भधारणेत बाळ आजारी असण्याची शक्यता चारांत एक असते. या गणितात दोष माहेराचा की सासरचा हा प्रश्नच उद्भवत नाही. आईचे एक आणि बापाचे एक, अशी दोन्ही जनुके लागतात. अप्रभावी आजाराच्या बाबतीत सुनेला दोष देणे हे क्रूर तर आहेच, शिवाय शास्त्रदृष्ट्याही चूक आहे.

कोणी म्हणेल, आम्ही तर सगोत्र विवाह टाळतो. अगरवाल समाजही गोत्र कटाक्षाने पाळतो, तरीही हा आजार त्यांच्यात आढळला. कारण गोत्र केवळ पित्याची वाट मोजते. आईकडून, आजीकडून, पणजीकडून आलेल्या जनुकांची नोंद त्यात नसते. आपल्याकडील काही जातींत मामाच्या मुलीशी विवाह चालतो. तिचे गोत्र वेगळे असले तरी सख्ख्या आते-मामे भावंडांची एक-अष्टमांश जनुके समान असतात. आणि प्रत्यक्ष नाते नसले तरी शेकडो वर्षे एकाच जातीत लग्ने होत राहिली की सारेच दूरचे नातलग होऊन बसतात. समजा, एखादा वाहक-दोष ५०० जणांत एकाला असेल, तर आजारी बाळ साधारण दहा लाखांत एक जन्मेल. तोच दोष एखाद्या लहान समाजात ५० जणांत एकाला असेल, तर आजारी बाळ दहा हजारांत एक जन्मेल. वाहक दहापट, रुग्ण शंभरपट!

ही केवळ एका समाजाची कथा नव्हे. हैदराबादचे डॉ. कुमारसामी थंगराज आणि अमेरिकेचे डेव्हिड राइख यांच्या गटाने २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६३ समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८१ समूहांत संस्थापक परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा युरोपीय ज्यूंपेक्षाही तीव्र आढळला. दक्षिणेतील वैश्य समाजात शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या सक्सिनिलकोलीन या औषधाने स्नायू दीर्घकाळ लुळे राहण्याचा दोष अधिक आढळतो, हे आपल्या भूलतज्ज्ञ मित्रांना ठाऊकच आहे. अशी एखादी गोष्ट प्रत्येक समाजात असू शकते. ती उच्चनीचतेची खूण नसून आपल्या विवाहपद्धतीचा इतिहास आहे.

एक व्यावहारिक सूचना. या आजाराच्या मुलांना डोक्यावरचा साधा मारही बाधतो. पडल्यानंतर झटके येणे, काही काळ शुद्ध हरपणे किंवा चालणे बिघडणे असे प्रकार होतात. म्हणून निदान पक्के होताच पालकांना आणि शाळेच्या गुरुजींना तशी समज द्यावी. 'डोक्यात पाणी झाले' असे घाईने सांगून शस्त्रक्रियेसाठी पाठविण्यापूर्वी एमआरआय अवश्य करून घ्यावा.

तिसरा अभ्यास : पारशी समाज आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

आता मुख्य विषयाकडे वळू. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन असते, तसे चेतातंतूंवर मायलिनचे आवरण असते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच या आवरणावर हल्ला चढवते. एका डोळ्याची दृष्टी अंधुक होणे, पायांना बधिरता येणे, लघवीवरील ताबा जाणे अशी लक्षणे येतात, ओसरतात आणि पुन्हा येतात. विशी ते चाळिशीतील तरुण, त्यांतही स्त्रिया, अधिक बळी पडतात. फ्रान्सच्या शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचे सुसूत्र वर्णन केले.

हा आजार उत्तर युरोपात पुष्कळ आणि उष्ण कटिबंधात विरळ, असा समज दीर्घकाळ होता. भारतात तो जवळपास नाहीच असे मानले जाई. १९९० मध्ये डॉ. वाडिया आणि डॉ. भाटिया यांनी पारशी समाजाची पाहणी प्रसिद्ध केली. मुंबईच्या पारशांत हे प्रमाण लाखामागे वीसहून अधिक निघाले. तेच ऊन, तीच हवा, तेच समुद्रकाठचे शहर, तरीही इराणातून आलेल्या आणि आपसांत विवाह करणाऱ्या या समाजात आजार इतर भारतीयांपेक्षा कितीतरी अधिक. केवळ हवामानाने हे कोडे सुटत नाही, वंशाचा वाटा मानावाच लागतो.

परंतु हा वाटा पहिल्या दोन उदाहरणांसारखा नाही. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांची जनुके सारखीच असतात. त्यांपैकी एकाला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता पाश्चात्त्य अभ्यासांत सुमारे २५ ते ३० टक्केच आढळते. जनुकच सर्वस्वी कारण असते तर ती शंभर टक्के असती, आणि जनुकाचा संबंधच नसता तर ती इतरांइतकीच नगण्य असती. म्हणजे जनुके जमीन तयार करतात, पेरणी दुसरेच कोणीतरी करते.

ही जमीन कशी असते, याचा शोध पन्नास वर्षे चालू आहे. १९७२ च्या सुमारास सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए या प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकसमूहाशी या आजाराचे नाते दिसले. त्यातील 'डीआरबी वन पंधरा-शून्य-एक' हा प्रकार असणाऱ्यांना धोका सुमारे तिप्पट असतो. त्यानंतर पुढची मोठी पावले टाकण्यास २००७ साल उजाडावे लागले, कारण इतर जनुकांचा प्रभाव इतका थोडा की तो दिसण्यासाठी हजारो रुग्ण लागतात. २०११ च्या अभ्यासात सुमारे ९,८०० रुग्ण होते. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघाने ४७,४२९ रुग्ण आणि ६८,३७४ निरोगी व्यक्ती यांची तुलना करून धोक्याशी निगडित २३३ खुणा नोंदविल्या. त्यांतील बहुतेक प्रतिकारयंत्रणेच्या पेशींशी संबंधित आहेत. आजार मेंदूत दिसत असला तरी त्याचे मूळ प्रतिकारयंत्रणेत असावे, या मताला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. २०२३ मध्ये आजाराच्या तीव्रतेशी निगडित पहिली खूण सापडली. ती दोन्ही पालकांकडून मिळालेल्या रुग्णांना काठीचा आधार सुमारे पावणेचार वर्षे आधी घ्यावा लागतो. विशेष हे, की ही खूण प्रतिकारयंत्रणेपेक्षा मज्जासंस्थेच्याच सोसण्याच्या शक्तीकडे बोट दाखवते. आजार जडणे आणि आजार बळावणे यांची कारणे वेगळी असू शकतात, हा धडा त्यातून मिळाला.

मग पेरणी कोण करते? २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांच्या आधारे दिसून आले की एप्स्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यानंतर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो. परंतु हा विषाणू जगातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो आणि आजार फारच थोड्यांना होतो. विषाणू, जनुके, धूम्रपान, ड जीवनसत्त्वाची कमतरता यांचे सूत जुळले तरच आजार होतो. यालाच बहुघटकी आनुवंशिकता म्हणतात.

भारतातही हा आजार आता पूर्वीइतका दुर्मिळ समजला जात नाही. मंगळूर येथे डॉ. लेखा पंडित यांनी केलेल्या पाहणीत, जी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, प्रमाण लाखामागे ८.३५ आढळले. एमआरआयची सोय वाढल्यामुळे निदान वाढले, हे त्याचे एक कारण. मात्र मल्टिपल स्क्लेरोसिससारखे दिसणारे, परंतु वेगळ्या उपचारांचे आजारही आपल्याकडे आहेत. विशेषतः लहान मुलाची दृष्टी अचानक गेली किंवा तापानंतर मेंदूला सूज आली, तर अ‍ॅक्वापोरिन-फोर आणि मॉग या प्रतिपिंडांची तपासणी केल्याशिवाय मल्टिपल स्क्लेरोसिसचा शिक्का मारू नये.

तरुण रुग्ण स्त्री विचारते, 'माझ्या मुलांना हा होईल का?' पाश्चात्त्य आकडेवारीनुसार शंभरांतील सत्त्याण्णव मुलांना तो होत नाही. या आजारात विवाह आणि मातृत्व यांना शास्त्राची आडकाठी नाही. गरोदरपणात उलट आजाराचे झटके कमी होतात, प्रसूतीनंतरच्या काही महिन्यांत मात्र सांभाळावे लागते. औषधांबाबत आधीच मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. त्याचप्रमाणे रक्त वा लाळ तपासून 'तुम्हाला मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका किती' हे सांगणाऱ्या खाजगी चाचण्यांवर निरोगी माणसाने पैसे खर्च करू नयेत. त्या उत्तरावरून करण्यासारखे काहीच नसते.

आपल्या परिसरातील प्रश्न

हे सारे मुंबईचे झाले. आपल्या भागातील मुलांच्या मेंदूला इजा करणारा सर्वांत महत्त्वाचा आनुवंशिक आजार कोणता, असे विचारले तर मी सिकलसेलचे नाव घेईन. तो रक्ताचा आजार खरा, परंतु सिकलसेलच्या मुलाला अचानक येणारा लकवा हा मेंदूचाच घाला असतो. नागपूरचे डॉ. शुक्ल आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील या दोषाची नोंद १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये केली होती. आपल्या पट्ट्यातील आदिवासी बांधवांत तसेच इतर अनेक समाजांत तो आढळतो.

येथेही नियम अप्रभावी आनुवंशिकतेचाच. अमेरिकेतील जुन्या पाहणीत, प्रतिबंधक उपचार नसताना, सिकलसेल असलेल्या दहांतील सुमारे एकाला विसाव्या वर्षापूर्वी लकवा आलेला आढळला. परंतु हा लकवा टाळता येतो. डॉप्लर सोनोग्राफीने डोक्यातील रक्तवाहिनीचा वेग मोजता येतो. तो सेकंदाला २०० सेंटीमीटर किंवा अधिक असलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यास लकव्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटते, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले. नियमित रक्त देणे आपल्याकडे कठीण असले तरी हायड्रॉक्सियुरिया ही गोळी स्वस्त आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन यांनी कमी, ठरावीक मात्रेतही ती आपल्या मुलांना गुणकारी ठरते हे दाखवून दिले. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये २३३ खुणा माहीत असूनही आपण आजार टाळू शकत नाही. येथे एकच अक्षर चुकलेले आहे, तपासणी सोपी आहे, औषध हाताशी आहे. तरीही एखादे मूल लुळे पडत असेल, तर दोष जनुकाचा म्हणता येणार नाही.

आपले कर्तव्य

वैद्यकीय मित्रांना काही नम्र सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली, तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढण्याची सवय ठेवावी. त्यासाठी पेन आणि दहा मिनिटे पुरतात. माहेर, सासर, गाव, नात्यातील विवाह, लहानपणी दगावलेली भावंडे, हे सारे विचारावे. परंतु सासूसमोर सुनेला विचारू नये.

दुसरी, दवाखान्यातील साध्या खुणा विसरू नयेत. प्रत्येक बाळाच्या डोक्याचा घेर टेपने मोजून तक्त्यावर मांडावा. तोल जाणाऱ्या रुग्णाला पेन आणि बोट यांवर आळीपाळीने नजर टाकायला सांगावी. वारंवार पडणाऱ्या, उठताना मांडीवर हात टेकणाऱ्या मुलाची सीपीके तपासणी करावी.

तिसरी, आजारी मूल हयात असतानाच जनुकीय निदान करून घ्यावे. दोष नेमका ठाऊक असेल तरच पुढील गर्भारपणी साधारण अकरा ते तेरा आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते. गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे. परंतु आनुवंशिक आजाराचे गर्भनिदान १९९४ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत केंद्रात अटींसह करता येते. हा फरक अनेक सुशिक्षितांनाही माहीत नसतो. २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणाखाली नेमलेल्या केंद्रांत उपचारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे, हेही पालकांना सांगावे. मुंबईचे केईएम रुग्णालय असे एक केंद्र आहे.

चौथी सूचना बालरोगतज्ज्ञ म्हणून आग्रहाने करतो. प्रौढ वयात प्रकटणारा आणि आज उपचार नसलेला आजार निरोगी लहान मुलात आधीच तपासू नये, मग आजोबा कितीही हट्ट धरोत. जाणून घ्यायचे की नाही, हे ते मूल सज्ञान झाल्यावर स्वतः ठरवील. आणि अहवाल रुग्णाचा असतो. तो सोयरिकीच्या बैठकीत पोहोचता कामा नये.

समाजबांधवांना एवढेच सांगणे आहे. पत्रिका जुळवताना आपण छत्तीस गुण पाहतो, त्यासोबत सिकलसेलचे कार्डही पाहावे. वाहक असणे हा आजार नाही आणि कलंकही नाही. आपल्यापैकी प्रत्येकजण कोणत्या ना कोणत्या अप्रभावी दोषाचा वाहक आहेच. फरक इतकाच, की काहींना तो ठाऊक असतो. ज्याला ठाऊक असतो तो आपल्या लेकरांना वाचवू शकतो.